हातातलं पेन खाली ठेवा
(पाळकांची पत्रं आणि त्यांना उत्तरं)

ह्या वेळी आलेल्या पत्रांतली पाच निवडली आहेत. चार पाळकांची आहेत, एक पाळकाच्या पत्नीचं. नावं कोणाचीच छापलेली नाहीत. मी 36 वर्षं मंडळीची, म्हणजे चर्चची, सेवा केली, निवृत्त होऊन 4 वर्षं झाली. जे सांगतो आहे त्यातलं बरंचसं मला सेवेत असताना ठाऊक नव्हतं, आणि जे ठाऊक होतं ते मी उशिरा केलं.

सप्रेम सलाम. दीक्षा होऊन मला 9 वर्षं झाली. रविवारची उपासना, बुधवारी बायबल अभ्यास, शुक्रवारी प्रार्थनासभा, मधल्या दिवसांत घरभेटी. तुमच्या संदेशातून आशीर्वाद मिळतो, असं लोक सांगतात. पण एकट्यानं गुडघे टेकले की मला शब्द सुचत नाहीत. बायबल उघडतो ते रविवारसाठीच. आतून इतका कोरडा असताना व्यासपीठावर उभं राहणं म्हणजे ढोंग नव्हे का? काही महिने उपदेश थांबवावा असं वाटतं.

प्रिय बंधू,

सेवेच्या चौदाव्या वर्षी माझे वडील वारले. दफनविधी दुसऱ्या दिवशी सकाळी होता. घरातली माणसं निजल्यावर मी बायबल घेऊन बसलो. धीर हवा होता, म्हणून स्तोत्र 23 उघडलं. समासात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘तरतूद, मार्गदर्शन, संरक्षण’. त्याखाली ‘दृष्टान्त : हरवलेलं मेंढरू’. आणि त्याच्याही खाली तीन तारखा. तीन अंत्यविधींत मी तो उपदेश केला होता. पान उलटून योहानाचा 14 वा अध्याय काढला, तिथेही मुद्दे. रोमकरांस पत्राचा 8 वा अध्याय तर पेन्सिलीच्या रेघांनी काळा झालेला. जिथे जावं तिथे मीच भेटत होतो. वडिलांच्या मृत्यूच्या रात्री देवाचं काही ऐकायला बसलो आणि माझाच आवाज ऐकून उठलो.

त्या रात्री मला कळलं की गेली कित्येक वर्षं मी हातात पेन न धरता बायबल उघडलेलंच नव्हतं. शब्द वाचायचा तो दुसऱ्याला देण्यासाठी. स्वयंपाक करणाऱ्यानं फक्त चव बघावी आणि पानावर कधी बसूच नये, तसं ते चाललं होतं. तुमचं पत्र वाचून मला तीच रात्र आठवली.

मी दुसरं बायबल घेतलं. साधं, टिपा नसलेलं, संदर्भांचे रकाने नसलेलं. ते माझ्या अभ्यासाच्या टेबलावर कधी आलं नाही. ते वाचताना हातात पेन धरायचं नाही, एवढा एकच नियम ठेवला. पहिले काही आठवडे फार अवघड गेले. चार ओळी वाचल्या की मन सवयीनं मुद्दे पाडायला लागायचं, ‘हे रविवारी चांगलं बसेल’ असं आतून यायचं. तेव्हा मी मोठ्यानं म्हणायचो, ‘हे रविवारसाठी नाही.’ घरात कोणी ऐकलं असतं तर चमकलं असतं. पण तसं म्हणावं लागलं, आणि दीड-दोन महिन्यांनी म्हणावं लागेनासं झालं.

काय वाचायचं हा प्रश्न तुम्हाला पडेल. मी स्तोत्रं वाचतो. एकूण 150 आहेत, महिन्याचे 30 दिवस धरले तर रोज पाच येतात. तारखेचं स्तोत्र घ्यायचं आणि त्यात तीस-तीस मिळवत जायचं. आज 12 तारीख असेल तर 12, 42, 72, 102, 132. पाचही नाही झाली तर एक वाचा, पण सावकाश वाचा आणि ओठ हलवून वाचा. 29 तारखेला 119 वं येतं. त्याच्या 176 ओव्या एका बैठकीत नको वाटल्या तर ते 31 तारखेसाठी राखून ठेवा. मात्र आवडीची तेवढी निवडू नका. 28 तारखेला 88 वं स्तोत्र समोर येतं, ते अंधारातच संपतं, शेवटी आशेची एकही ओळ नाही. व्यासपीठावरून आपण ते क्वचितच वाचतो. मला मात्र शब्द सुचत नव्हते तेव्हा पहिले शब्द त्यानंच दिले. प्रार्थना सुचत नाही असं तुम्ही लिहिता. स्तोत्रकर्त्यांनाही सुचत नव्हतं तेव्हा त्यांनी ‘किती वेळ?’ एवढंच विचारलं आहे. 13 व्या स्तोत्रात तर हाच प्रश्न चारदा आहे. तुम्हीही तेवढंच म्हणा. सभेतल्या प्रार्थनेसारखी ती सुरेख व्हायला नको.

आता ढोंगाविषयी. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ ही म्हण तुमच्या मनात घोळत असणार. माझ्याही घोळायची. पण आत जे नाही ते आहे असं दाखवणं आणि त्यातच समाधान मानणं, हे ढोंग. तुम्हाला समाधान नाही, म्हणून तर तुम्ही पत्र लिहिलंत. दगडाला आपण कोरडे आहोत हे जाणवत नाही.

उपदेश थांबवावा का, हा प्रश्न मेथडिस्ट चळवळीचे जनक जॉन वेस्ली ह्यांनाही पडला होता. 1728 मध्ये त्यांची याजक म्हणून दीक्षा झाली, पुढे समुद्र ओलांडून ते अमेरिकेतल्या जॉर्जियाला मिशनरी म्हणून गेले आणि खचून परत आले. मार्च 1738 मध्ये त्यांना वाटलं की आपल्याजवळ तारणारा विश्वासच नाही, मग दुसऱ्याला काय सांगायचं? त्यांनी पीटर बोहलर ह्या मोरेव्हियन पंथाच्या मित्राला विचारलं. थांबू नकोस, असं त्यांनी सांगितलं. विश्वास मिळेपर्यंत विश्वासाचा उपदेश कर, मग तो मिळाला म्हणून करशील, असा त्यांचा सल्ला होता. त्याच वर्षी 24 मे रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत वेस्लींचं अंतःकरण ऊबदार झालं, ते सर्वांना ठाऊक आहे. मधले ते दोन-अडीच महिने मात्र आपण विसरतो. त्या महिन्यांत ते उपदेश करीत होते, आणि आपण कोरडे आहोत हे मित्राजवळ कबूलही करीत होते. दोन्ही एकाच वेळी.

तेव्हा उपदेश थांबवू नका. बुधवार किंवा शुक्रवार, दोहोंतली एक सभा काही महिने मंडळीतल्या एखाद्या जाणत्या वडिलांकडे (एल्डरकडे) द्या. प्रेषितांची कृत्ये 6 व्या अध्यायात प्रेषितांनी पंगतीची जबाबदारी सात जणांकडे सोपवली, ती प्रार्थनेत आणि वचनाच्या सेवेत तत्पर राहता यावं म्हणून. तिथे प्रार्थनेचं नाव आधी आहे. आपण ते नंतर घेतो, आणि वेळ उरला तरच घेतो.

पाळकसाहेब, मी एका पाळकाची पत्नी. लग्नाला 17 वर्षं झाली. हे दिवसभर लोकांच्या घरी असतात, रात्री फोनवर असतात. जेवताना फोन आला तर ताटावरून उठतात. मुलं आता त्यांना काही विचारतही नाहीत. मी बोलले तर म्हणतात, ही देवाची सेवा आहे. देवाविरुद्ध मी कशी बोलणार? मंडळीत सगळ्यांना पाळक आहे. माझा पाळक कोण?

प्रिय ताई,

तुमचं शेवटचं वाक्य मी पत्नीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ काही बोलली नाही.

तिच्या शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट आहे. तिनं मला प्रार्थना करायला सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना सुरू केली : ‘हे प्रभू, ह्या आमच्या भगिनीवर तुझी कृपा असू दे...’ तिनं डोळे उघडले आणि हळूच म्हणाली, ‘माझं नाव घ्या ना.’ रुग्णालयात इतक्या खाटांजवळ तीच प्रार्थना केली होती की जिभेला सवय लागली होती. माझी पत्नी माझ्यासाठीही ‘आमच्या भगिनी’ झाली होती. मी तिथे थांबलो आणि पुन्हा सुरुवात केली, पण पहिल्या दोन-तीन वाक्यांपुढे मला जाता आलं नाही. तिच्यासाठी नेमकं काय मागायचं, तिला भीती कशाची वाटते, हेच मला माहीत नव्हतं. मंडळीतल्या दीडशे घरांची दुखणी मला पाठ होती.

म्हणून तुमच्या पतीसाठी हे लिहितो, त्यांना वाचायला द्या. निर्गमाचा 18 वा अध्याय आपण पाळक नेहमी काढतो. मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच न्यायनिवाडा करतो, आणि सासरा इथ्रो त्याला सांगतो की तू झिजून जाशील, हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेम. कामाची वाटणी कशी करावी ह्यावर मी स्वतः ह्या अध्यायातून अनेकदा बोललो. पण इथ्रो तिथे आला कशासाठी, ते मी वाचूनही पाहिलं नव्हतं. अध्यायाच्या सुरुवातीलाच आहे. मोशेनं आपली पत्नी सिप्पोरा हिला माहेरी पाठवलेलं होतं, आणि इथ्रो तिला आणि गेर्षोम व अलिएजर ह्या दोन मुलांना घेऊन आला होता. आदल्या दिवशी त्यानं बायको-मुलं परत आणून दिली. दुसऱ्या दिवशी त्यानं पाहिलं की जावई दिवसभर लोकांतच बसलेला आहे. मग तो बोलला. लोकांचा भार आणि घरातली रिकामी जागा त्याला एकाच वेळी दिसली असावी, असं मला वाटतं. मोशेनं त्याला ‘ही देवाची सेवा आहे’ असं उत्तर दिलं नाही. त्यानं ऐकलं.

ताई, तुम्ही देवाविरुद्ध बोलत नाही. मंडळीच्या अध्यक्षाला आपलं घर चांगलं सांभाळता येत नसेल तर तो देवाच्या मंडळीची काळजी कशी घेईल, हा प्रश्न पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात विचारला आहे. तुम्ही त्याच बाजूला उभ्या आहात.

करायचं काय, ते सांगतो. पाळकाला आठवड्यातून एक पूर्ण दिवस हवा. रविवार तो नव्हे, रविवार हा आपला कामाचा दिवस. त्या दिवशी फोन मंडळीच्या एखाद्या वडिलांकडे राहील, मृत्यू किंवा अपघात झाला तरच ते घरी येऊन सांगतील. आमच्याकडे हे ठरलं तेव्हा मला पहिल्या महिन्यात फार अस्वस्थ वाटायचं. मग लक्षात आलं की माझ्यावाचून कोणाचंच काही अडलं नव्हतं, आणि मला खरं तर तेच सोसवत नव्हतं. लोकांना माझी गरज असणं ही माझी गरज होऊन बसली होती. तुमचे पती वाईट नाहीत. त्यांना बहुधा हीच सवय लागली आहे, आणि ती सेवेच्या नावाखाली लागते म्हणून ओळखू येत नाही.

आणि तुमचा पाळक. पती एकाच वेळी पती आणि पाळक होऊ शकत नाही, त्यांच्याकडून ती अपेक्षा सोडून द्या. दुसऱ्या मंडळीतली एखादी वयस्क, अनुभवी बाई शोधा. कोणा निवृत्त पाळकाची पत्नी असेल तर फारच चांगलं. महिन्यातून एकदा तिच्याजवळ जाऊन बसा. तुमच्या मंडळीतल्या कोणालाही ह्याचा हिशेब द्यायला नको. मुलांच्या शाळेचं, महिला मंडळाचं, रविवारच्या पाहुण्यांचं बोलणं तिथे नेऊ नका. स्वतःचं बोला. माझी पत्नी अशा एका बाईंकडे 11 वर्षं जात होती. तिथे काय बोलणं व्हायचं, ते मी कधी विचारलं नाही.

नाव लिहीत नाही. मी पाळक आहे. चार महिन्यांपासून रात्री दोन-अडीचला जाग येते, मग झोप नाही. जेवण जात नाही. आपण नसतो तर सगळ्यांचं बरं झालं असतं असं वाटू लागलं आहे. मंडळीत सांगितलं तर म्हणतील, पाळकाचाच विश्वास कमी पडला. मीच लोकांना सांगत आलो की प्रार्थना करा, सगळं ठीक होईल.

माझ्या प्रिय भावा,

पत्रावर पत्ता नाही, म्हणून इथे लिहावं लागतं आहे. आधी एक विनंती, बाकीचं नंतर वाच. आजच, हे वाचून झाल्यावर, आपल्या पत्नीला किंवा एका जवळच्या माणसाला तुझी तीच ओळ सांग : ‘आपण नसतो तर बरं, असं मला वाटू लागलं आहे.’ शब्द सौम्य करू नकोस. आणि त्याला बरोबर घेऊन डॉक्टरकडे जा, मनोविकारांच्या डॉक्टरकडे. हा विचार कोणत्याही रात्री फार जवळ आला तर सकाळची वाट पाहू नकोस, एकटा राहू नकोस, घरातल्यांना उठव आणि रुग्णालयात जा. चार महिने झोप नाही, जेवण नाही, ह्याला आजार म्हणतात. त्यावर औषध आहे आणि ते घेणं अविश्वास नव्हे. मधुमेह झाला असता तर तू गोळी घेतली असतीस.

आता एलीया संदेष्ट्याकडे चल. 1 राजे 19. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरला, मोठा विजय झाला, आणि त्याच्यापुढच्याच अध्यायात तो रानात एका झुडुपाखाली बसून म्हणतो, आता पुरे, माझा प्राण घे. ही प्रार्थना संदेष्ट्याची आहे. देवानं तिला काय उत्तर दिलं ते पाहा. त्याला विश्वासावर प्रवचन दिलं नाही. देवदूतानं त्याला स्पर्श केला आणि म्हणाला, ऊठ, खा. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो जेवला आणि पुन्हा निजला, तर देवानं त्याला निजू दिलं. मग दुसऱ्यांदा तेच : ऊठ, खा, कारण वाट तुझ्या शक्तीबाहेरची आहे. झोप, अन्न, स्पर्श. होरेब डोंगर, वारा, भूकंप, अग्नी आणि तो मंद स्वर, हे सगळं त्यानंतर, चाळीस दिवसांनी. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्नही देव तिथे विचारतो. झुडुपाखाली विचारत नाही.

आणि होरेबवर एलीया म्हणाला, मी एकटाच उरलो. देवानं त्याला सांगितलं की बाल नावाच्या दैवतापुढे गुडघे न टेकलेले 7,000 अजून आहेत. त्यापलीकडे त्याला एक माणूसही दिला, अलीशा. इथून पुढे तो एकटा चालला नाही.

मोशेनंही मरण मागितलं आहे, गणना 11 मध्ये. हे सगळे लोक मला एकट्याला पेलवत नाहीत, त्यापेक्षा मला मारून टाक, असं तो सरळ म्हणतो. देव रागावला नाही. त्यानं सत्तर वडील दिले. ह्या लोकांचा विश्वास कमी होता असं आपण कधी व्यासपीठावरून म्हटलं आहे का? मग स्वतःला का म्हणावं?

चार्ल्स स्पर्जन ह्यांचं नाव तू ऐकलं असशीलच. 19 ऑक्टोबर 1856 ला लंडनच्या सरे गार्डन्स म्युझिक हॉलमध्ये ते उपदेशाला उभे असताना कोणीतरी आग लागल्याची खोटी ओरड केली, चेंगराचेंगरी झाली आणि सात माणसं गेली. ते तेव्हा 22 वर्षांचे होते. मनाचं ते दुखणं पुढे त्यांना आयुष्यभर पुरलं. ते त्यांनी लपवलं नाही. पाळक होऊ पाहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी ह्या खचण्यावर स्वतंत्र व्याख्यान दिलं. उतारवयात हिवाळ्यात ते फ्रान्सच्या दक्षिणेला मेंटोन ह्या गावी विश्रांतीला जात, आणि त्यांचा मृत्यू 1892 मध्ये तिथेच झाला. हजारो लोक ज्यांचं ऐकायला यायचे त्या माणसाला विश्रांती घ्यावी लागली आणि त्यानं ती उघडपणे घेतली.

‘प्रार्थना करा, सगळं ठीक होईल’ असं मीही लोकांना सांगत होतो. ते बोलणं अपुरं होतं. आता मी म्हणतो, प्रार्थना मी करतो, तुम्ही डॉक्टरकडे चला, मी बरोबर येतो. तुझ्याबरोबर मला येता येत नाही ह्याचं मला फार वाईट वाटतं. ह्या मासिकाच्या पत्त्यावर मला पुन्हा लिही, नाव नको असेल तर नको. पण आधी घरी सांग. मी रोज सकाळी तुझ्यासाठी प्रार्थना करतो आहे. नाव देवाला ठाऊक आहे.

आमच्या शेजारी एक नवी मंडळी सुरू झाली आहे. आमची तरुण मुलं तिकडे जाऊ लागली. त्या पाळकांविषयी माझ्या मनात जे येतं ते मला लिहायलाही लाज वाटते. वयानं मी त्यांच्यापेक्षा मोठा आहे.

लिहिलंत, हे चांगलं झालं. मत्सर हे पाळकांचं फार जुनं दुखणं आहे, आणि आपण त्याला ‘सिद्धान्ताची काळजी’ असं नाव देतो. मीही देत होतो. आमच्याकडची पाच-सहा कुटुंबं एका वर्षात गेली तेव्हा उपासनेत गीत चाललेलं असताना मी रिकामी बाकं मोजायचो. मंडळी देवाची स्तुती गात असे आणि पाळक बेरीज-वजाबाकी करीत असे.

बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिष्यांनी त्याला येऊन सांगितलं होतं की सगळे येशूकडे चालले आहेत. त्यानं वाढावं आणि मी कमी व्हावं, हे योहानाचं उत्तर तुम्हाला पाठ आहे. मला पेत्राचा प्रसंग अधिक जवळचा वाटतो. समुद्रकिनारी प्रभूनं त्याला तीनदा विचारलं, ‘तू माझ्यावर प्रीती करतोस काय?’ मेंढरं सोपवली, त्याचा मृत्यू कसा होणार तेही सुचवलं. इतकं सगळं झाल्यावर पेत्र मागे वळून दुसऱ्या शिष्याकडे पाहतो आणि विचारतो, ‘प्रभू, ह्याचं काय?’ पाचारण ताजं असतानाच मान वळली! प्रभू म्हणतो, तुला त्याचं काय? तू माझ्यामागे ये. मी हे वाक्य वर्षभर डायरीच्या पहिल्या पानावर ठेवलं होतं.

आणि एक काम केलं, ते तुम्हीही करून पाहा. रविवारच्या सार्वजनिक प्रार्थनेत त्या पाळकांचं नाव घेऊन त्यांच्या मंडळीसाठी प्रार्थना करा. पहिले काही रविवार ती ओठांनीच होईल. माझी तशीच झाली. चौथ्या-पाचव्या महिन्यात कळलं की त्यांचं लहान बाळ आजारी आहे, आणि मी भेटायला गेलो. तोवर मला त्यांना मूल आहे हेसुद्धा माहीत नव्हतं.

मुलं का गेली, हे मात्र त्यांनाच विचारा. मत्सर गेला तरी तो प्रश्न उरतो. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

वय 52. आता पुन्हा ईश्वरविज्ञानाचा अभ्यास सुरू करावा का? घरचे म्हणतात, ह्या वयात कशाला?

करा. पौल कैदेत आहे, मरण जवळ आलं आहे हे त्याला कळलेलं आहे, आणि तीमथ्याला तो काय मागतो? त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला झगा, पुस्तकं, आणि विशेषतः चर्मपत्रं. हिवाळ्यापूर्वी ये, असंही लिहितो. थंडीला झगा आणि मनाला पुस्तकं.

391 मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पो शहरातल्या लोकांनी ऑगस्टिनला जवळजवळ जबरदस्तीनं याजक केलं. चाळिशीला आलेला विद्वान माणूस, वक्तृत्व शिकवणारा. त्यानं बिशप वॅलेरियस ह्यांना पत्र लिहून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत सवड मागितली, पवित्र शास्त्राचा अभ्यास करण्यासाठी. लोकांची जबाबदारी आल्यावरच आपल्याला काय येत नाही हे त्याला कळलं. तुमचंही तसंच झालं असेल तर वयाचा प्रश्नच नाही. फक्त नावापुढे अक्षरं वाढावीत म्हणून करत असाल तर तेवढे पैसे वाचवा. वर्षभर एकच पुस्तक घ्या, यिर्मया किंवा इब्री लोकांस पत्र, आणि त्यातच राहा. हिब्रूची 22 अक्षरं शिकायला एक महिना पुरतो. 119 व्या स्तोत्राचे 22 भाग त्याच क्रमानं लावलेले आहेत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेव्हा मी 58 वर्षांचा होतो.

एका बंधूंनी निवृत्तीविषयीही दोन ओळी लिहिल्या आहेत. जूनमध्ये ते सेवेतून मोकळे होतात. आता मी कोण, असं त्यांनी विचारलं आहे. त्यांना इथेच सांगतो. गणना 8 मध्ये उपासनेची सेवा करणाऱ्या लेव्यांसाठी, म्हणजे लेवीच्या वंशजांसाठी, नियम आहे : 25 व्या वर्षापासून सेवा, 50 व्या वर्षी ती बंद. पण तिथेच पुढे असंही आहे की त्यानं आपल्या भाऊबंदांना मदत करावी, सेवा मात्र करू नये. हे वाक्य पाळायला मला फार जड गेलं. निवृत्तीनंतरच्या पहिल्या रविवारी मी बाकावर बसलो होतो, आणि उपदेश सुरू झाल्यावर माझा हात खिशाकडे गेला. पेन काढून मी नव्या पाळकाच्या चुका लिहिणार होतो. हात परत मांडीवर ठेवला.

आता जुन्या मंडळीतून कोणी फोन करून नव्या पाळकांची तक्रार सांगू लागलं की मी एवढंच विचारतो, ‘हे त्यांना सांगितलंत का?’ बहुतेकांनी सांगितलेलं नसतं.